कोजागिरीच्या संध्याकाळी डोक्यावरून काय गेले? गॅमा किरण स्फोटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. पाऊस सरला की आम्ही काही जण मिळून आकाशदर्शन भरवतो. दुर्बिणीसमोर रांग लागली की गप्पा सुरू होतात आणि शनीच्या कड्यांवरून गाडी हमखास गॅमा किरण स्फोटांवर येते. खरे सांगायचे तर ती बहुतेक वेळा मीच आणते, कारण या विषयाने मला धरून ठेवले आहे. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाच्याच जातीचे, पण कितीतरी जास्त ऊर्जेचे किरण; दूर अवकाशातून त्यांचा अचानक लखलखाट येतो, तो गॅमा किरण स्फोट. मुले, त्यांचे पालक, एकदा तर देवळाच्या कमिटीतले एक काका, यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

टीचर, ‘कोजागिरीचा स्फोट’ म्हणजे नेमके काय झाले होते?

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी पौर्णिमा. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी या अंतराळ दुर्बिणीवरच्या गॅमा किरण शोधकांना आकाशाच्या एका भागातून किरणांची झुळूक आली. ती नुसती चाहूल होती. तीन-चार मिनिटांनी मुख्य लोंढा आला, आणि १९६७ पासून नोंदलेल्या स्फोटांपैकी एकही त्याच्या तेजाच्या जवळपास गेलेला नाही. त्याचे नाव जीआरबी २२१००९ए (जीआरबी म्हणजे ‘गॅमा रे बर्स्ट’, गॅमा किरण स्फोट). इतका तेजस्वी स्फोट पृथ्वीवरून दिसण्याचा योग दहा हजार वर्षांत एखादाच, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता गोव्याचा हिशेब. स्फोटाची जागा शर या छोट्या तारकासमूहात होती, साधारण अभिजित आणि श्रवण या दोन ताऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात. त्याचे विषुवांश १९ तास १३ मिनिटे आणि क्रांती उत्तर १९.८ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश समजा). फोंड्याचे अक्षांश-रेखांश घेऊन त्या वेळेचा नाक्षत्रकाल, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने किती वाजले ते, मी वहीत मांडला, तर उत्तर आले ते पाहून दोनदा तपासले: तो बिंदू आपल्या खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम पाच-सहा अंशांवर होता. हात पुढे करून तीन बोटे आडवी धरली की होते तेवढे अंतर, किंचित वायव्येला. म्हणजे सूर्य मावळून अर्धा तास झालेला, पूर्वेला पूर्ण चंद्र वर येत असलेला, घराघरांत दूध आटायला ठेवलेले, आणि त्या क्षणी तो लोंढा जवळजवळ सरळ आपल्या डोक्यावर कोसळत होता.

मग आम्हाला काहीच कसे जाणवले नाही?

हवेमुळे. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचे वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतके भरते. काठोकाठ भरलेल्या खोल विहिरीच्या तळाशी आपण बसलो आहोत असे समजा. या ऊर्जेचे गॅमा किरण वरच्या थरांतच हवेच्या अणूंवर आपटून विरून जातात, जमिनीपर्यंत एकही पोचत नाही. म्हणूनच ते मोजायला उपग्रह लागतात. कितीही उंच डोंगरावर कितीही मोठी दुर्बीण नेली तरी या किरणांसाठी ती आंधळीच.

हवेला मात्र ते जाणवले. वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कणांचा जो पट्टा असतो, आयनांबर, त्यात त्या दिवशी खळबळ माजली. युरोपातल्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या यंत्रांनी ती टिपली आणि भारतातल्या वीज कडाडल्याची नोंद घेणाऱ्या यंत्रांनाही तिने चाळवले. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाने आपल्या माथ्यावरची हवा हलवली. मुलांना मी हे वाक्य सावकाश सांगते, आणि वर्गात क्षणभर शांतता होते.

हे स्फोट पहिल्यांदा कोणाला दिसले?

अणुबॉम्बवर पाळत ठेवणाऱ्यांना. १९६३ मध्ये वातावरणात आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. तो पाळला जातो की नाही हे बघायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांवरच्या गॅमा शोधकांनी एक लखलखाट नोंदवला, पण त्याची चढ-उतार अणुस्फोटासारखी नव्हती. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रे क्लेबसाडेल आणि त्यांचे सहकारी जुन्या नोंदी चाळत बसले. वेगवेगळ्या उपग्रहांवर किरण पोचण्याच्या वेळेतला फरक त्यांनी काढला, आणि हे किरण पृथ्वीचेही नाहीत, सूर्याचेही नाहीत हे सिद्ध केले. १९७३ मध्ये १६ स्फोटांची माहिती देणारा निबंध छापून आला. सहा वर्षे त्यांनी घाई केली नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

स्फोट झाला हे उपग्रहाला कळते कसे? त्याला काही चित्र दिसते का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा बसून सांगते.

उपग्रहाला मोजता येते, बस. शोधक म्हणजे एक स्फटिक. त्यावर गॅमा किरणाचा एक कण, म्हणजे फोटॉन, आपटला की ‘टक्’. कधी आपटला आणि त्याची ऊर्जा किती, एवढेच तो लिहून ठेवतो. पण टक्-टक् तर सतत चालूच असते. वैश्विक किरण, पृथ्वीच्या वातावरणातून परतणारे किरण, उपग्रहाचे स्वतःचेच किरणोत्सारी झालेले धातू, या सगळ्यांचा मिळून एक कायमचा आवाज असतो. त्याला पार्श्वभूमी म्हणतात.

आपल्याकडे जुलैत पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजतो तो आठवा. एकसारखा वाजतो, तरी दर सेकंदाला थेंब सारखे नसतात. सर आली की कान टवकारतात. ‘आता वाढला’ हे तुम्ही ठरवता ते नेहमीच्या चढ-उतारापेक्षा जास्त झाला म्हणून. उपग्रहही तेच करतो, फक्त आकड्यांत. समजा, एका शोधकावर सेकंदाला सरासरी ३०० टकटका होतात. अशा बेशिस्त मोजणीत नेहमीची चढ-उतार सरासरीच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणजे इथे १७च्या आसपास. ३२० झाले तर त्यात विशेष काही नाही. फर्मीची अट अशी की किमान दोन शोधकांवर एकाच वेळी वाढ या चढ-उताराच्या साडेचार पट तरी हवी. म्हणजे आपल्या उदाहरणात ३७५च्या वर. दोन शोधकांची अट का, तर एखादा भटका कण एकाच स्फटिकात गोंधळ घालू शकतो, दोघांत एकदम सहसा नाही.

आणि ही तपासणी एकाच मापाने होत नाही. काही स्फोट सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतात, काही मिनिटभर धुमसतात. म्हणून फर्मीवरचा संगणक सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागापासून आठ सेकंदांपर्यंतची वेगवेगळी खिडकी लावून सारखी बेरीज करत असतो. माणूस मध्ये कुठेच नसतो.

कोजागिरीच्या स्फोटात यंत्रे ‘आंधळी’ झाली म्हणतात, ते खरे का?

काही क्षण, हो. पत्र्यावर ढगफुटी झाली तर थेंब मोजणार कसे? एक टक् नोंदवून होण्याआधीच पुढचे दोन येऊन आदळले. मग दोन फोटॉन मिळून एकच मोठा वाटतो, काही तर हिशेबातच येत नाहीत. फर्मीच्या नोंदींतला सगळ्यात तेजस्वी एक मिनिटाचा भाग त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने वापरता येत नाही. गंमत अशी की जीआरबीअल्फा नावाचा एक इवलासा उपग्रह, बाजू जेमतेम दहा सेंटिमीटर, त्या वेळी वर होता. त्याचा शोधक लहान, म्हणून त्यावर थेंबही कमी पडले आणि शिखर त्याला नीट मोजता आले. मोठे भांडे भरून वाहते तेव्हा वाटीत मोजता येते.

स्फोट कुठल्या दिशेला झाला हे कसे शोधतात? गॅमा किरणांना तर भिंगही लागू पडत नाही.

तीन युक्त्या आहेत.

पहिली तोंड फिरवण्याची. फर्मीवर सोडियम आयोडाइडचे १२ शोधक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत. ज्याचे तोंड स्फोटाकडे, त्यावर टकटका जास्त. कुठल्या गालाला ऊन लागते यावरून डोळे मिटूनही सूर्य कुठे आहे ते सांगता येते, तसे. यातून काही अंशांपर्यंतचा अंदाज मिळतो.

दुसरी सावलीची, आणि ही माझी सगळ्यात आवडती. जुन्या घरांच्या ओसरीला लाकडी जाळी असते. सकाळी तिची सावली जमिनीवर पडते आणि ऊन वर चढेल तशी सरकते. सावली कुठे पडली यावरून सूर्य कुठे आहे ते कळते. स्विफ्ट या उपग्रहावर शिशाच्या सुमारे ५२ हजार चौकोनी तुकड्यांची अशीच एक जाळी आहे, फक्त तुकडे मुद्दाम अस्ताव्यस्त लावलेले, म्हणजे प्रत्येक दिशेची सावली वेगळीच पडते. खाली ३२,७६८ शोधक ती सावली वाचतात. काही सेकंदांत दिशा कळली की स्विफ्ट स्वतःच वळतो आणि मिनिट-दीड मिनिटात आपली क्ष-किरण दुर्बीण त्या जागेवर रोखतो.

तिसरी वेळेची. खाणीत सुरुंग उडाला की जवळच्या घरात आवाज आधी, लांबच्या घरात नंतर. दोघांच्या घड्याळांतला फरक मिळाला की सुरुंग कोणत्या बाजूला ते काढता येते. उपग्रहांचेही तसेच. विंड हे यान १५ लाख किलोमीटर दूर आहे, म्हणजे प्रकाशाला तिथून इथवर पाच सेकंद. मंगळाभोवतीच्या यानांपर्यंत काही मिनिटे. दोन यानांतला फरक आकाशावर एक कडे आखून देतो, तिसरे यान आले की कडी एकमेकांना छेदतात. वेलाच्या काळापासूनची ही पद्धत आजही चालू आहे.

कोजागिरीच्या वेळी स्फोटाची जागा स्विफ्टच्या नजरेत नव्हती. सुमारे ५३ मिनिटांनी ती समोर आली तेव्हाही मागे रेंगाळलेला उजेड इतका प्रखर होता, शिवाय जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, की आधी तो आपल्याच आकाशगंगेतला काही प्रकार समजला गेला. फर्मीची नोंद जुळवून पाहिल्यावर खरा प्रकार लक्षात आला.

आणि अंतर?

ते गॅमा किरणांतून सहसा कळत नाही. स्फोटानंतर मागे जी दीप्ती राहते, क्ष-किरणांची, साध्या प्रकाशाची, रेडिओची, तिचा वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा उजेड किती याची नोंद, घ्यावा लागतो. अशी दीप्ती पहिल्यांदा सापडली २८ फेब्रुवारी १९९७ रोजी, बेप्पोसॅक्स या इटली-नेदरलँड्सच्या उपग्रहामुळे. त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या एका स्फोटाच्या वर्णपटावरून हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे असतात हे पक्के झाले. त्याआधी जवळजवळ पाव शतक वाद चालू होता. कॉम्प्टन या अंतराळ वेधशाळेवरच्या बॅट्स उपकरणाने १९९१ ते २००० या काळात २,७०४ स्फोट टिपले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले. आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात दाटले असते.

‘लांब’ आणि ‘आखूड’ स्फोट म्हणजे काय?

एकूण टकटकांपैकी पहिले पाच टक्के आणि शेवटचे पाच टक्के सोडून मधले ९० टक्के किती वेळात आले, हे माप घेतात. दोन सेकंदांच्या आत असेल तर आखूड, जास्त असेल तर लांब. लांब स्फोट बहुधा प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून होतो. कोजागिरीच्या स्फोटामागचा अतिनवतारा, म्हणजे आयुष्य संपताना फुटलेला तारा, हाही पुढे जेम्स वेब दुर्बिणीला सापडला. आखूड स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिशय दाट गाभ्यांच्या, टकरीतून. पण ही रेघ काही देवाने मारलेली नाही. ७ मार्च २०२३चा एक लांब स्फोट टकरीतून झाल्याच्या खुणा मिळाल्या आहेत.

१७ ऑगस्ट २०१७ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशावर उठलेले तरंग, पकडल्या, आणि १.७ सेकंदांनी फर्मीवर एक आखूड स्फोट नोंदला गेला. दोन्ही निरोप १३ कोटी वर्षे प्रवास करून आले आणि पोचताना अंतर पडले पावणेदोन सेकंदांचे. गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात याचा याहून थेट पुरावा नाही. पुढच्या काही दिवसांत त्या जागी जड मूलद्रव्ये तयार होत असल्याच्या खुणाही दिसल्या. मंगळसूत्रातल्या सोन्यापैकी काही तरी अशाच कुठल्या टकरीतले असावे, हे ऐकून त्या देवळाच्या कमिटीतल्या काकांनी आपल्या बोटातल्या अंगठीकडे बराच वेळ पाहिले.

‘सूर्याने आयुष्यभरात दिली नसेल एवढी ऊर्जा’ हे खरे मोजलेले असते की फुगवलेले?

मोजलेले असते, पण एक गृहीत धरून, आणि बातम्यांत नेमके तेच गाळतात. आपल्यापर्यंत दर चौरस सेंटिमीटरला किती ऊर्जा आली हे मोजतात, अंतर ठाऊक असते, मग स्फोट सगळ्या दिशांना सारखाच तळपला असे धरून गुणाकार करतात. प्रत्यक्षात ऊर्जा अरुंद झोतांतून निघते. आग्वादच्या दीपगृहाचा झोत डोळ्यांवर आला म्हणून तो चारी दिशांना तेवढाच आहे असे धरले, तर दिव्याची ताकद कितीतरी पट जास्त निघेल. झोताची रुंदी हिशेबात घेतली की आकडा खूप खाली येतो. तरीही तो अतिनवताऱ्यांच्या तोडीचा असतो, आणि हे सगळे काही सेकंदांत.

यात भारत कुठे आहे?

चांगल्या जागी आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारताचा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावर सीझेडटीआय नावाचे उपकरण आहे, आणि त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचाही हात आहे. ते सुरू केले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने पहिला स्फोट पकडला. २०२२ मध्ये त्याची संख्या ५००वर गेली.

हे उपकरण जवळून बघण्यासारखे आहे. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकाच्या ६४ वड्या, प्रत्येक वडी सुमारे चार सेंटिमीटर चौरस आणि पाच मिलिमीटर जाड. प्रत्येकीवर २५६ घरे, एकेक घर मोहरीच्या दाण्याहून जरा मोठे. एकूण १६,३८४ घरे. जास्त ऊर्जेचा फोटॉन कधीकधी एका घरात आपटून थोडी ऊर्जा तिथे टाकतो आणि उसळी मारून शेजारच्या घरात जातो. दोन शेजारी घरांत एकदम ‘टक्’ झाले की ती उसळी ओळखता येते. आता फोटॉनांची कंपने एकाच दिशेत असतील, म्हणजे किरण ध्रुवित असतील, तर उसळ्या त्या दिशेच्या काटकोनात जास्त पडतात. कोणत्या बाजूच्या शेजाऱ्याला किती टकटका मिळाल्या एवढे मोजून स्फोटाच्या झोतातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. जगात हे मोजू शकणारी उपकरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अ‍ॅस्ट्रोसॅटने पहिल्या पाच वर्षांतल्या २० तेजस्वी स्फोटांचे ध्रुवीकरण तपासले. बहुतेकांत ते ठळक मिळाले नाही. ‘मिळाले नाही’ हेही उत्तरच असते, हे मी वर्गात आग्रहाने सांगते.

जमिनीवरची माणसेही कामाला असतात. लडाखमधल्या हानले इथल्या दुर्बिणी स्फोटामागची दीप्ती शोधतात, नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० थाळ्या तिचे रेडिओ किरण ऐकतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहिली की टकरींची दिशा अधिक नेमकी सांगता येईल.

नावातले आकडे?

वर्ष, महिना, दिवस. २२-१०-०९. शेवटचे अक्षर त्या दिवशीचा कितवा.

गोव्यात बसून मला यात काही करता येईल का?

येईल, आणि दुर्बीणही लागणार नाही. फर्मीच्या नोंदी सगळ्यांना फुकट उतरवून घेता येतात. गेल्या वर्षी बारावीतल्या दोन मुलींना घेऊन मी १७ ऑगस्ट २०१७ची फाइल उघडली. आत चित्र नाही, आलेख नाही. फक्त ओळीमागून ओळ: या क्षणी एक फोटॉन, इतकी ऊर्जा. वेळ सेकंदाच्या दशलक्षांशांपर्यंत. आधी एकाच शोधकाच्या टकटका पाव-पाव सेकंदाच्या डब्यांत भरून स्तंभ काढले, तर नुसते दाते दिसले, वर-खाली, काहीच उठून दिसेना. मुली हिरमुसल्या. मग स्फोटाकडे तोंड असलेल्या तीन शोधकांच्या, क्रमांक १, २ आणि ५, अशा नोंदी एकत्र केल्या आणि ५० ते ३०० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे फोटॉनच्या ऊर्जेचे माप) बाहेरचे सगळे गाळून टाकले. पुन्हा आलेख काढला. मधोमध दोन-तीन स्तंभ बाकीच्यांच्या वर डोके काढून उभे होते.

एकीने पडद्यावर बोट ठेवून विचारले, ‘टीचर, हेच?’

हेच.